वाळवंटाचा विद्यार्थी : राल्फ बॅगनॉल्ड

पावसाळ्यात काळ्या रानातून बैलगाडी हाकणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. चाक चिखलात रुतले की बैलांना नुसते झोडपून गाडी निघत नसते. तो खाली उतरतो. जड पोती उतरवून बाजूला ठेवतो, चाकापुढची माती हाताने ओढून काढतो, सापडतील ते दगड, फांद्या, काटक्या चाकाखाली देतो आणि मग चाकाला हात घालून बैलांना हाक देतो. गाडी निघते. हे साधे शहाणपण मोटार चालवणाऱ्याला मात्र चटकन सुचत नाही. समुद्राच्या पुळणीत मोटार रुतली की तो इंजिनाचा जोर वाढवतो. चाके जागच्या जागी गरगर फिरतात, वाळू मागे उडते आणि चाकांखाली खड्डा पडत जातो. शेवटी गाडीचे पोट वाळूवर टेकते. मग चाकांवर भारच उरत नाही आणि ती कितीही फिरली तरी गाडी तसूभर हलत नाही.

अशा रुतलेल्या गाड्या हातांनी उपसून काढता काढता एका माणसाच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. ही वाळू एके ठिकाणी फरसबंदीसारखी घट्ट आणि चार पावलांवर पाण्यासारखी पातळ, असे का? या एका प्रश्नाचा पाठपुरावा त्याने आयुष्यभर केला. त्यातून एक शास्त्र उभे राहिले, एका महायुद्धात त्याचा उपयोग झाला आणि आज मंगळ ग्रहावरच्या वाळूच्या टेकड्यांना त्या माणसाचे नाव आहे. त्याचे नाव राल्फ अल्जर बॅगनॉल्ड.

राल्फचा जन्म ३ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडील डेव्हनपोर्ट या आरमारी गावात झाला. वडील कर्नल आर्थर बॅगनॉल्ड हे लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्स दलात होते. खार्टूमच्या वेढ्यात अडकलेल्या जनरल गॉर्डनच्या सुटकेसाठी १८८४-८५ साली नाईल नदीच्या मार्गाने जी मोहीम गेली, तीत त्यांनी भाग घेतला होता. ती मोहीम वेळेवर पोहोचू शकली नाही, हे इतिहासाला ठाऊकच आहे. राल्फची थोरली बहीण एनिड पुढे लेखिका म्हणून नावारूपाला आली. एका मुलीची आणि तिच्या घोड्याची कथा सांगणारी तिची ‘नॅशनल व्हेल्व्हेट’ ही कादंबरी १९३५ साली प्रसिद्ध झाली. बहिणीची कीर्ती भावाच्या आधी जगभर झाली. बालपणीची काही वर्षे राल्फने जमेका बेटावर घालवली. पुढे माल्व्हर्न येथे शालेय शिक्षण आणि नंतर वुलिच येथील लष्करी विद्यालय, असा त्या काळच्या लष्करी घराण्यातील मुलाचा ठरलेला मार्ग त्याने धरला.

१९१५ साली तो रॉयल इंजिनिअर्समध्ये अधिकारी झाला आणि थेट फ्रान्समधील रणभूमीवर गेला. सोम आणि पॅशनडेल या नावांमागे लाखो तरुणांचे मरण दडलेले आहे. त्या चिखलातून बॅगनॉल्ड जिवंत बाहेर आले. युद्ध संपल्यावर त्यांनी केंब्रिजला जाऊन अभियांत्रिकीचे शिक्षण पुरे केले आणि १९२१ साली ते पुन्हा लष्करात, या वेळी संदेशवहन दलात, रुजू झाले. वय पंचवीस. येथवरच्या चरित्रात असामान्य असे काही नाही. असे शेकडो अधिकारी त्या पिढीत होते.

१९२६ च्या सुमारास त्यांची नेमणूक कैरो येथे झाली. कैरोतील इंग्रज अधिकाऱ्यांचे जीवन त्या काळी सुखाचे होते. सकाळी कामकाज, दुपारी विश्रांती आणि सायंकाळी पोलो नाहीतर क्लब. बॅगनॉल्ड आणि त्यांचे काही मित्र यांना मात्र शहराच्या पश्चिमेला पिरॅमिडपाशी जेथे शेती संपते आणि एकदम वाळवंट सुरू होते, त्या रेषेचे आकर्षण वाटू लागले. नकाशावर त्या रेषेपलीकडे शेकडो मैल कोरा कागद होता.

वाळवंटात जायचे तर उंटावरून, अशीच तोवर समजूत होती. ती अगदीच चुकीची नव्हती. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हलक्या मोटारींच्या तुकड्यांनी फोर्डच्या लहान गाड्या वाळवंटाच्या कडेकडेने चालवल्या होत्या. इजिप्तचे राजपुत्र कमाल एद्दीन यांनी पट्ट्यांवर चालणाऱ्या मोटारी नेऊन दक्षिणेकडचा मोठा भाग पाहिला होता. पण त्यासाठी राजपुत्राची तिजोरी हवी. बॅगनॉल्ड आणि मित्रांकडे पगारातून शिल्लक टाकलेले पैसे होते, वर्षाची रजा होती आणि फोर्ड कंपनीची साधी ‘टी’ नमुन्याची मोटार होती. त्या गाडीतून ते सिनाई ओलांडून पॅलेस्टाइनपर्यंत गेले, पेट्राचे प्राचीन अवशेष पाहून आले, पश्चिमेकडे सीवाच्या मरूद्यानापर्यंत जाऊन आले. प्रत्येक प्रवासात गाड्या रुतत. प्रत्येक वेळी सगळे उतरून त्या बाहेर काढत. आणि रात्री तंबूत बसून, आज गाडी का रुतली आणि कशी निघाली, याचा हिशेब मांडत.

बॅगनॉल्ड यांचे वेगळेपण या हिशेबात आहे. इतरांना रुतलेली गाडी ही अडचण वाटे. त्यांना तो धडा वाटे.

पुढे त्यांची बदली हिंदुस्थानात झाली, पण वाळवंटाची ओढ सुटली नाही. येथून रजा घेऊन ते पुन्हा इजिप्त गाठीत. १९२९ आणि १९३० साली त्यांनी ज्या प्रदेशाला हात घातला, त्याचे नाव ‘वाळूचा महासागर’. इजिप्त आणि लिबिया यांच्या सीमेवर शेकडो मैल पसरलेल्या या प्रदेशात वाळूच्या डोंगररांगा साधारण उत्तर-दक्षिण अशा एकामागून एक लाटांसारख्या उभ्या आहेत. त्यांतील कित्येक टेकड्या तीनशे फूट उंचीच्या. १८७४ साली गेरहार्ड रोल्फ्स हा जर्मन संशोधक उंटांचा तांडा घेऊन पश्चिमेकडे जाण्यासाठी येथे आला होता. एकामागून एक टेकड्यांची भिंत पाहून त्याने पश्चिमेचा नाद सोडला आणि दोन रांगांमधल्या खोलगट वाटेने उत्तरेला सीवा गाठले. जेथे उंट हरला तेथे मोटार काय जाणार?

१९३० सालच्या मोहिमेतील एक प्रसंग या संदर्भात सांगण्यासारखा आहे. समोर पिवळ्याधमक वाळूची उंच भिंत उभी होती. रीतीप्रमाणे विचार केला तर हळूहळू, जपून चढायला हवे. बॅगनॉल्ड यांनी नेमके उलटे केले. वाऱ्याच्या बाजूचा सौम्य चढ निवडून त्यांनी गाडी ताशी चाळीस मैलांच्या वेगाने सरळ त्या भिंतीवर घातली. गाडी आता तोंडावर आपटणार, असे वाटत असतानाच ती पाळण्यात बसल्यासारखी अलगद वर उचलली गेली आणि काही क्षणांत टेकडीच्या माथ्यावर जाऊन उभी राहिली. चाकांच्या खुणा वाळूवर जेमतेम उमटल्या होत्या. वाळू घट्ट होती! मात्र माथ्यावर आल्यावर वेळीच थांबणे आवश्यक होते. कारण पलीकडची बाजू एकदम तुटलेली असते आणि तेथली वाळू पातळ. त्या धारेवरून बेसावधपणे जाणारी गाडी उलटून माणसे जायबंदी होऊ शकतात.

एकाच टेकडीच्या दोन बाजूंमध्ये एवढे अंतर का, याचे उत्तर आपल्याला खळ्यावर सापडेल. पायलीने जोंधळा मोजताना दाणे नुसते वरून ओतले तर पायली लवकर भरते. तीच पायली चार वेळा आपटली, हलवली, तर आणखी दोन मुठी दाणे मावतात. दाणे तेच, पण आता ते एकमेकांच्या खाचांत बसले. वाळूचे तसेच. वाऱ्याच्या बाजूला उडत येणारे कण उतारावर सारखे आदळत असतात आणि तेथील प्रत्येक कण ठोकून ठोकून खाचेत बसवतात. ती झाली आपटून भरलेली पायली. माथ्यावरून पलीकडे पडणारी वाळू मात्र घसरत, लोळत खाली येऊन जशी पडेल तशी सैल राहते. जोंधळ्याच्या राशीला जसा एका ठरावीक कोनापेक्षा जास्त उतार देता येत नाही, तशीच ही घसरणीची बाजूही साधारण ३२ ते ३४ अंशांचा उतार धरते. ती झाली नुसती ओतलेली पायली. या सैल वाळूवर भार पडला की कण बाजूला सरकतात आणि चाक खाली जाते.

हे एकदा उमगले की वाट शोधणे हे नशिबाचे काम उरत नाही. वाऱ्याची दिशा, टेकडीचा आकार, वाळूवरच्या सावल्या यांवरून कोठे घट्ट आणि कोठे सैल याचा अंदाज बांधता येतो. अंदाज चुकत नाही असे नाही. बॅगनॉल्ड यांच्याही गाड्या आयुष्यभर रुतत राहिल्या. म्हणूनच रुतलेली गाडी काढण्याची पद्धतही त्यांनी तितक्याच काळजीने बसवली.

कैरोच्या एका जुन्या बाजारात त्यांना लोखंडी पन्हळी मिळाल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या आसऱ्यांवर छपरासाठी घालण्यासाठी त्या बनवलेल्या होत्या. सुमारे पाच फूट लांब, मजबूत आणि भंगारच्या भावात. गाडी रुतली की ड्रायव्हरने चाके फिरवायची नाहीत, ताबडतोब थांबायचे, हा पहिला नियम. मग सगळ्यांनी उतरायचे. फावड्यांनी चाकांपुढची वाळू अशी काढायची की चाकाच्या तळापासून पुढे वर येणारा सौम्य उतार तयार होईल. गाडीचे पोट टेकले असेल तर त्याखालची वाळूही ओढून काढायची. मागच्या चाकांना इंजिनाचा जोर असतो, म्हणून त्यांच्या पुढे या पन्हळी शक्य तितक्या चाकाखाली सारायच्या. पुढच्या चाकांसाठी दोरांच्या शिड्या, पुढे जाड कापडाच्या पट्ट्या अंथरायच्या. ड्रायव्हरने खालचा गिअर टाकून हलकेच निघायचे आणि बाकीच्यांनी खांदा लावायचा. चाक पन्हळीवर चढले की गाडीला वेग मिळतो. आता ती थांबवायची नाही, घट्ट जमीन लागेपर्यंत न्यायची. मागून माणसांनी उन्हाने पोळलेल्या पन्हळी खांद्यावर घेऊन धावत यायचे. वाळू फारच मऊ असेल तर पन्हळी पुन्हा पुढे टाकायच्या आणि हाच खेळ तासन्‌तास चालायचा.

दुसरा उपाय टायरांचा. टायरमधली हवा कमी केली की तो खाली चपटा होतो आणि जमिनीला अधिक जागेवर टेकतो. गाडीचा भार तेवढाच राहतो, पण तो जास्त जागेवर वाटला गेल्यामुळे वाळूवरचा दाब कमी होतो. उंटाचे पाऊल रुंद आणि मऊ असते ते याचसाठी. मात्र खडकाळ जमीन लागताच पुन्हा हवा भरली पाहिजे, नाहीतर टायर चिरतो. वाळूत जाताना हवा सोडण्याची जी पद्धत आज जगभरचे ड्रायव्हर वापरतात, ती रुळवण्याचे श्रेय बॅगनॉल्ड यांना देतात.

वाळवंटात रुतण्याइतकेच मोठे भय तहानेचे. मऊ वाळूत इंजिन तापते, रेडिएटरमधले पाणी उकळते आणि त्याची वाफ वाया जाते. जे पाणी माणसाला हवे तेच गाडीही पिते. यावर त्यांनी अगदी साधी युक्ती वापरली. रेडिएटरच्या तोंडाला रबरी नळी जोडून तिचे दुसरे टोक गाडीच्या बाजूला बांधलेल्या, अर्धवट पाणी असलेल्या डब्यात सोडले. वाफ डब्यातल्या पाण्यात जाऊन थंड होऊन पाणी होई. इंजिन थांबवून ते निवले की आत पोकळी निर्माण होई आणि डब्यातले पाणी गुळगुळ करीत पुन्हा रेडिएटरमध्ये ओढले जाई. पाण्याचा थेंबही फुकट जात नसे.

तिसरा प्रश्न दिशेचा. मोटारीच्या लोखंडामुळे चुंबकाच्या होकायंत्राची सुई भरकटते. प्रत्येक वेळी थांबून, गाडीपासून दूर जाऊन दिशा पाहणे शक्य नव्हते. बॅगनॉल्ड यांनी सूर्याचे होकायंत्र गाडीवर बसवले. ३६० अंशांच्या खुणा केलेली आडवी तबकडी आणि तिच्या मध्यभागी उभी सुई. वेळेनुसार तबकडी लावून घेतली की सुईच्या सावलीवरून गाडी चालवता चालवताच दिशा कळे. रात्री ताऱ्यांचे वेध घेऊन आपण पृथ्वीवर नेमके कोठे आहोत हे गणिताने काढायचे, जसे खलाशी समुद्रावर काढतात.

या साधनांच्या बळावर १९३२ साली त्यांनी कैरोहून निघून सुदानपर्यंत आणि परत असा सुमारे सहा हजार मैलांचा प्रवास केला. गाड्या साध्या, बाजारात कुणालाही मिळणाऱ्या. १९३४ साली रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने आपले सुवर्णपदक देऊन त्यांचा सन्मान केला आणि १९३५ साली ‘लिबियन सँड्स’ हे त्यांचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले.

याच सुमारास त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. अतिपूर्वेकडे नोकरीवर असताना त्यांना गंभीर आजार जडला आणि १९३५ साली लष्कराने त्यांना निवृत्त केले. पुढे ते बरे झाले, पण नोकरी गेली ती गेलीच. वय एकोणचाळीस. एखादा निराश झाला असता. बॅगनॉल्ड यांनी मात्र या रिकामपणाला संधी मानले. वाळूचा जो प्रश्न इतकी वर्षे मनात घोळत होता, त्याच्या मागे लागायला आता वेळ होता. लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजमध्ये जागा मिळवून त्यांनी लाकूड आणि काच वापरून सुमारे तीस फूट लांबीचा वाऱ्याचा बोगदा बनवला. त्यात वाळू पसरून, वारा सोडून, काचेतून एकेका कणाची हालचाल ते पाहू लागले. ते कुठल्या विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते की कुणाचे शिष्य नव्हते.

वाळू धुळीसारखी हवेत तरंगत जाते, अशी बहुतेकांची समजूत होती. बोगद्यात वेगळेच दिसले. वाळूचे कण उड्या मारत जातात. वाऱ्याने एक कण उचलला की तो थोडा वर जातो, वाऱ्याबरोबर पुढे जातो आणि तिरपा खाली आदळतो. आदळताना तो स्वतः पुन्हा उसळतो किंवा दुसऱ्या कणांना उडवतो. कॅरम बोर्डावर एक सोंगटी दुसरीला उडवते तसेच. जे कण उडण्यास जड असतात ते या माऱ्याने जमिनीवर पुढे ढकलले जातात. खऱ्या वाळूच्या वादळात म्हणूनच बहुतेक वाळू जमिनीलगत असते आणि उभ्या माणसाचे डोके पुष्कळदा स्वच्छ हवेत राहते. वाऱ्याचा जोर आणि वाहून जाणारी वाळू यांचा संबंधही त्यांनी गणिताने मांडला. वाऱ्याचा जोर दुप्पट झाला तर वाळू दुप्पट नव्हे, सुमारे आठपट वाहते. बोगद्यातले निष्कर्ष खऱ्या वाळवंटात खरे ठरतात का, हे पाहण्यासाठी १९३८ साली ते उपकरणे घेऊन पुन्हा लिबियाच्या वाळवंटात गेले आणि वादळात उभे राहून मोजमापे घेतली. ती जुळली. या सर्व कामावरचा त्यांचा ग्रंथ १९४१ साली निघाला. वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या शास्त्राचा तो पाया समजला जातो.

पण ग्रंथ छापून बाहेर आला तेव्हा लेखक घरी नव्हता. दुसरे महायुद्ध सुरू झाले होते आणि बॅगनॉल्ड यांना पुन्हा गणवेश चढवावा लागला होता. त्यांची नेमणूक पूर्व आफ्रिकेत होती. वाटेत भूमध्य समुद्रात त्यांच्या जहाजाची टक्कर झाली आणि प्रवासी इजिप्तच्या किनाऱ्यावर उतरले. योगायोगाने ते जेथे सर्वाधिक उपयोगी पडणार, तेथेच येऊन पोहोचले. लिबिया तेव्हा इटलीच्या ताब्यात होता. दक्षिणेकडचे वाळवंट मोटारींना अगम्य मानून इंग्रजांनी तिकडे पाठ फिरवली होती. बॅगनॉल्ड यांनी दोनदा योजना सुचवली आणि दोनदा ती वरिष्ठांच्या कचेरीत पडून राहिली. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच त्यांनी ती थेट सरसेनापती वेव्हेल यांच्यापर्यंत पोहोचवली. वेव्हेल यांनी त्यांना बोलावून घेतले, ऐकून घेतले आणि सहा आठवड्यांच्या मुदतीवर पूर्ण अधिकार दिले.

त्या सहा आठवड्यांत ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले दल उभे राहिले. रजेतल्या भटकंतीचे जुने सोबती क्लेटन आणि केनेडी शॉ यांना दूरदूरच्या नोकऱ्यांतून बोलावून घेतले. जवान आले न्यूझीलंडचे, पुष्कळसे शेतकरी घरांतले, यंत्राला आणि कष्टाला सरावलेले. गाड्या होत्या दीड टनी शेव्हरोलेट ट्रक, तेही फक्त मागच्या चाकांना जोर असलेले. लोखंडी पन्हळी, पाण्याचे डबे, सूर्याचे होकायंत्र, सारे काही तेच. एकेकाळी हौसेखातर केलेले उद्योग आता जीवनमरणाचे झाले. वाळूचा महासागर ओलांडून या तुकड्या शत्रूच्या पाठीमागे शेकडो मैल आत जात, बातमी काढत, ठाण्यांवर छापे घालत आणि पुन्हा वाळवंटात नाहीशा होत.

या पराक्रमाची किंमतही मोजावी लागली. जानेवारी १९४१ मध्ये फेझान प्रांतातील मुर्झुकच्या ठाण्यावर छापा घालून पुढे निघालेल्या तुकडीला इटालियन मोटारदलाने गाठले. क्लेटन कैद झाले. मूर नावाचा न्यूझीलंडचा एक जवान आणि त्याचे तीन सोबती मागे राहिले. गाडी नाही, अन्न नाही, पाणी दोन गॅलनांहूनही कमी. शरण जाण्याऐवजी ते आपल्याच गाड्यांच्या चाकोरीच्या खुणा धरून दक्षिणेकडे चालू लागले. दहा दिवसांत मूर सुमारे दोनशे मैल चालला. शेवटी फ्रेंच सैनिकांना ते सापडले, पण चौघांपैकी एक, ईस्टन, सापडल्यावर त्याच दिवशी मरण पावला. वाळवंटात गाडी रुतून बसणे म्हणजे काय, हे या एका प्रसंगावरून कळावे. पन्हळी, फावडे आणि पाण्याचा डबा या क्षुल्लक वस्तू नव्हत्या.

आपल्या भागाला टोब्रुक हे नाव परके नाही. बेळगाव हे ज्यांचे केंद्र, त्या मराठा पलटणींपैकी दुसरी पलटण जून १९४२ मध्ये टोब्रुक पडले तेव्हा तेथे लढत होती. तिचा बॅगनॉल्ड यांच्या दलाशी संबंध नव्हता, पण वाळवंट तेच होते. दलाबरोबर काम करण्यासाठी पुढे हिंदी लष्कराच्या घोडदळातील जवानांचीही एक स्वतंत्र तुकडी उभारण्यात आली. तीत जाट, राजपूत, शीख आणि पंजाबी मुसलमान जवान होते. त्यांनीही त्याच पन्हळी खांद्यावर वाहिल्या.

ऑगस्ट १९४१ मध्ये दलाची सूत्रे जुने सोबती प्रेंडरगास्ट यांच्याकडे सोपवून बॅगनॉल्ड कैरोच्या मुख्यालयात गेले. १९४४ साली रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले. एकीकडे ब्रिगेडिअरचा हुद्दा आणि दुसरीकडे शास्त्रज्ञांचा सर्वोच्च बहुमान, असा योग विरळाच.

युद्धानंतर १९४६ साली, पन्नासाव्या वर्षी, त्यांनी विवाह केला. त्यांना दोन अपत्ये झाली. काही काळ एका तेल कंपनीत संशोधन संचालक म्हणून काम केल्यावर ते पुन्हा आपल्या कणांकडे वळले. वारा वाळू नेतो, तसे नदीचे पाणी गाळ नेते. मग दोन्हींचे नियम जोडता येतील का? १९५४ साली त्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. द्रवात तरंगतही नाहीत आणि बुडतही नाहीत असे बारीक गोळे घेऊन, ते फिरत्या नळकांड्यांमध्ये घुसळून, कणांच्या आपसातील टकरींनी किती दाब निर्माण होतो हे त्यांनी मोजले. धान्याच्या कोठारापासून दरडी कोसळण्यापर्यंत जेथे जेथे दाणेदार पदार्थ वाहतात, तेथे अभियंते आज ‘बॅगनॉल्ड अंक’ वापरतात. अमेरिकेच्या भूशास्त्र संस्थेने १९७० साली आणि लंडनच्या संस्थेने १९७१ साली त्यांना आपापली श्रेष्ठ पदके दिली. भूशास्त्राची पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नव्हती.

सत्तरीत असताना त्यांच्या जुन्या ग्रंथाला नवे वाचक मिळाले. अंतराळयानांनी मंगळाची छायाचित्रे पाठवली, त्यांत वाळूच्या टेकड्या दिसल्या. तेथली हवा विरळ, गुरुत्वाकर्षण कमी. तरीही वाऱ्याने कण उड्या मारत जातात हे तत्त्व तेथेही लागू पडणार होते. १९७७ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी अमेरिकन अंतराळ शास्त्रज्ञांसमोर या विषयावर भाषण केले. २८ मे १९९० रोजी, चौऱ्याण्णव वर्षांचे दीर्घ आयुष्य जगून, ते निवर्तले.

त्यांच्या पश्चात मंगळावर यंत्रगाड्या उतरल्या आणि गंमत अशी की त्याही वाळूत रुतल्या. २००५ साली ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही गाडी मऊ वाळूच्या एका लहानशा उंचवट्यात अडकली. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी घाई केली नाही. तशीच वाळू आणून, तशीच गाडी तीत रुतवून त्यांनी आधी प्रयोग केले आणि पाच आठवड्यांहून अधिक काळ इंच इंच सरकत ती गाडी बाहेर काढली. २००९ साली तिची बहीण ‘स्पिरिट’ पातळ कवचाखालच्या सैल वाळूत रुतली. तिचे एक चाक आधीच निकामी होते. तेथे खांदा लावायला कोणी नव्हते आणि चाकाखाली पन्हळ सारायलाही कोणी नव्हते. ती निघालीच नाही. मार्च २०१० मध्ये तिच्याकडून शेवटचा संदेश आला. २०१५ च्या अखेरीस ‘क्युरिऑसिटी’ ही गाडी मंगळावरच्या काळसर वाळूच्या टेकड्यांपाशी पोहोचली. दुसऱ्या ग्रहावरच्या टेकड्या माणसाच्या यंत्राने जवळून अभ्यासल्या त्या प्रथमच. त्या टेकड्यांना शास्त्रज्ञांनी नाव दिले आहे बॅगनॉल्ड.

विद्यार्थिमित्रांनो, या चरित्रातून कोणी शौर्य घेईल, कोणी साहस घेईल. पण मला त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट वेगळी वाटते. बॅगनॉल्ड यांच्यापाशी इतरांपेक्षा चांगली गाडी नव्हती आणि मोठी प्रयोगशाळाही नव्हती. गाडी रुतली की ते खाली उतरत, गुडघे टेकून वाळू हातात घेऊन पाहत आणि ही अशी का, असे विचारत. अडल्याठिकाणी थांबून प्रश्न विचारण्याची ही सवय त्यांनी चौऱ्याण्णव वर्षे सोडली नाही. अभ्यासात आपणही पुष्कळदा रुततो. एखादे प्रमेय सुटत नाही, एखादा विषय डोक्यात शिरत नाही आणि आपण तेच पान दहा वेळा घोकत बसतो. चाके गरगर फिरतात, गाडी खोल जाते. अशा वेळी पुस्तक क्षणभर बाजूला ठेवून आपली पायाखालची जमीन कोठे सैल आहे ते पाहावे, मागच्या इयत्तेतले जे कच्चे राहिले असेल ते उपसून काढावे, शिक्षकांचा, सोबत्यांचा खांदा मागण्यात कमीपणा मानू नये.

रुतण्यात लाज नाही. काळ्या रानातला आपला शेतकरीही रुततो आणि वाळवंटातला बॅगनॉल्डही रुतत होता. दोघेही गाडीतून खाली उतरले, एवढेच.